दोन ठोक्यांमधलं अंतर

आई विळीवर पडली. मे महिना होता, सकाळचे अकरा वाजायला आले होते. भाजीसाठी कोवळा फणस चिरायला ती मागच्या पडवीत बसली होती. चीक लागू नये म्हणून हाताला खोबरेल तेल चोपडलेलं, समोर फोडी ठेवायला परात. शाळेला सुट्टी असल्यामुळे मी घरी होते आणि दोरीवर कपडे वाळत घालत होते. नारळ पाडायला माणूस बोलवायचा राहिलाय, असं काहीतरी ती सांगत होती आणि वाक्याच्या मध्येच थांबली. मी वळून पाहिलं. ती डावीकडे कलत होती, अगदी सावकाश, डोळे उघडे, पण त्या डोळ्यांत ती नव्हती. मी पोचेपर्यंत तिचा उजवा हात विळीच्या पात्यावरून घसरून गेला होता.

अर्ध्या मिनिटात ती शुद्धीवर आली. कोपरापासून मनगटापर्यंत रक्त वाहत होतं आणि ती म्हणत होती, "माका काय झालां नाय. डोळ्यांपुढे काळोख इलो, इतक्याच."

हे तिचं तीन महिन्यांतलं चौथं पडणं. पहिल्यांदा ती विहिरीपाशी पडली, नंतर देवळातून येताना वाटेवर, तिसऱ्यांदा स्वयंपाकघरात. प्रत्येक वेळी मी तिच्यावर चिडले होते. ती आठवड्यातून दोन उपास करायची, त्यामुळे कारण माझ्या हाताशी तयारच असायचं. "पोटात अन्न नसेल तर माणूस पडणारच," हे मी तिला शाळेतल्या बाईच्या आवाजात सुनावत असे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पंचवीस वर्षं शिकवते. माझं लग्न झालेलं नाही, आचऱ्याच्या घरात आम्ही दोघीच. चौऱ्याहत्तर वर्षांची आई माझं बोलणं ऐकून घ्यायची आणि पुढच्या सोमवारी पुन्हा उपास धरायची.

शेजारच्या चाचांची मासे वाहायची गाडी दारातच उभी होती. ते आईपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, बंदरावर त्यांची स्वतःची होडी, आईला वयनी म्हणतात. त्यांनी काही न विचारता गाडी सुरू केली आणि आम्ही गावातल्या सरकारी दवाखान्यात गेलो.

तिथली डॉक्टर वयाने लहान होती, माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची. तिने जखम धुतली, टाके घालायला घेतले. माझं सगळं लक्ष त्या टाक्यांकडे. मध्येच तिने सुई बाजूला ठेवली आणि आईच्या दुसऱ्या हाताचं मनगट धरलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत ती बराच वेळ तशीच उभी राहिली.

"आजी, याआधी कधी अशा पडला होता?"

"उपासान पडतंय," आई म्हणाली.

"पडायच्या आधी छातीत दुखतं? घाम येतो?"

"नाय. काय एक होयत नाय. नुसतो काळोख येता."

डॉक्टरने ईसीजी काढला. कागदाची लांब पट्टी हातात घेऊन ती माझ्याकडे वळली. "मॅडम, आजींची नाडी मिनिटाला बत्तीस आहे."

मला वाटलं मशिन बिघडलंय. आई तर समोर बसून, टाके पूर्ण कधी करणार म्हणून विचारत होती.

"त्या पडतात ते उपासामुळे नाही," डॉक्टर म्हणाली. "त्यांचं हृदय मध्येच थांबतं. काही सेकंदच, पण तेवढा वेळ डोक्याला रक्त मिळत नाही."

ती बाहेर जाऊन कोणा मोठ्या डॉक्टरांशी फोनवर बोलली आणि आम्हाला थेट कोल्हापूरला हलवायचं ठरलं. रुग्णवाहिका येईपर्यंत तिने टाके पूर्ण केले. तिचे हात स्थिर होते, पण दर थोड्या वेळाने ती आईच्या चेहऱ्याकडे बघायची, आणि ते बघणं मला कळत होतं. निघताना तिने विचारलं, आजी कुठल्या गोळ्या घेतात? मी पर्समधून रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी काढून दाखवली. तिने नाव वाचलं आणि म्हणाली, "ही गोळी आता देऊ नका. हिने ठोके आणखी मंदावतात. तिथल्या डॉक्टरांना नक्की दाखवा."

ही गोळी आईला मी देत होते. दीड वर्षापूर्वी एका डॉक्टरांनी लिहून दिलेली. पुन्हा दाखवायला या, असं त्यांनी सांगितलं होतं. मी नेलं नाही. जुन्या चिठ्ठीवर दर महिन्याला औषधाच्या दुकानातून पट्टी आणायची आणि रोज सकाळी चहाबरोबर एक गोळी तिच्या तळहातावर ठेवायची. मी तिची किती काळजी घेते, याचा तो मला पुरावाच वाटायचा.

रुग्णवाहिकेत आईला आडवं केलं. छातीवर आणि पाठीवर दोन मोठे चिकट पॅड लावले. हृदय थांबलंच, तर त्यांतून बाहेरून विजेचे झटके देऊन ठोके चालू ठेवता येतात, असं बरोबरच्या डॉक्टरांनी मला सांगितलं. त्याचा त्रास होतो, म्हणून वेळ आल्याशिवाय ते करायचं नव्हतं. चाचा पुढे ड्रायव्हरशेजारी बसले. त्यांना कोणी या म्हटलं नव्हतं आणि नको म्हणायचं मला सुचलं नाही.

कणकवली मागे टाकल्यावर मी डॉक्टरांना विचारलं, नक्की झालंय काय? ते म्हणाले, "कम्प्लीट हार्ट ब्लॉक."

मी मुंबईला भावाला फोन लावला. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. आठ महिन्यांपूर्वी त्याला हार्ट अटॅक आला होता. पहाटे छातीवर दगड ठेवल्यासारखं दुखायला लागलं, डावा हात भरून आला, घामाने बनियन भिजलं. वहिनीने वेळ न घालवता दवाखान्यात नेलं आणि तासाभरात त्याच्या तुंबलेल्या रक्तवाहिनीत स्टेंट बसला. तेव्हापासून आमच्या नात्यात कोणाच्याही छातीत कळ आली की पहिला फोन त्याला जायचा.

"ब्लॉक आहे म्हणतायत," मी म्हटलं.

"किती टक्के?"

"टक्के नाही सांगितले. कम्प्लीट म्हणाले."

"म्हणजे शंभर टक्के!" त्याचा आवाज चढला. "स्टेंट टाकायला सांग. पोचल्या पोचल्या सांग. माझी नळी ब्याण्णव टक्केच तुंबली होती, तरी डॉक्टर म्हणाले, आणखी तासभर गेला असता तर कठीण होतं. मी निघतो."

मी फोन ठेवला. फोंडाघाटचा बाजार गेला, चढण सुरू झाली. गाडी वळणावर वळली की सलाइनची बाटली एका बाजूला झुकायची आणि मी मॉनिटरकडे बघायची. हिरव्या रेषेवर एक उंचवटा यायचा, मग सपाट रेषा, मग पुढचा उंचवटा. त्या सपाट रेषेत मी श्वास घेत नव्हते, हे मला छाती दुखायला लागल्यावर कळलं.

"त्यांना बोलतं ठेवा," डॉक्टर म्हणाले.

काय बोलायचं? मी विचारलं, "आये, यंदा कोकमाच्या सोलांक मीठ किती घातलंस?"

"तुका कित्याक होया तां आता? कधी हात लावलंस कोकमांक?"

"सांग मगे. पुढच्या वर्साक मी करतंय."

"तू करतलंस!" ती हसली. "आगळाच्या रसाचां सांगू काय सुक्या सोलांचां? सोलांचां वेगळां. आधी बिये काढूचे, मगे साली उन्हात घालूच्ये, आणि सांजेक त्येंका..."

उंचवटा आला नाही. रेषा सपाट चालली. आईचे डोळे वर गेले, तोंड अर्धवट उघडं राहिलं. डॉक्टरांनी तिच्या छातीवर मुठीने ठोसा मारला आणि दुसरा हात मशिनच्या बटणाकडे नेला. मला वळणावर कर्कश वाजलेला हॉर्न आठवतो, चाचांनी ड्रायव्हरच्या मागच्या काचेला लावलेला चेहरा आठवतो. किती सेकंद गेले ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

मग उंचवटा आला. आणखी एक. आईच्या गालावर रंग आला आणि ती म्हणाली, "...आगळात बुडवूच्ये. सात दिवस तरी. आयकतंस मा?"

मधलं काहीच तिला ठाऊक नव्हतं. तुटलेलं वाक्य तिने त्याच शब्दापासून पुढे नेलं. मी 'आयकतंय' म्हटलं आणि तिचा हात घट्ट धरून उरलेला घाट चढले.

कोल्हापूरच्या रुग्णालयात आमची वाटच बघत होते. पाऊण तासात तिच्या जांघेतल्या शिरेतून एक बारीक वायर हृदयापर्यंत नेली आणि ती पलंगाला टांगलेल्या पुस्तकाएवढ्या डब्याला जोडली. हा तात्पुरता पेसमेकर. मॉनिटरवर आकडा साठवर गेला आणि तिथेच थांबला. आईच्या कायम गार असलेल्या पायांना इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ऊब लागली.

तिथले हृदयरोगतज्ज्ञ पन्नाशीचे, सावकाश बोलणारे. मी त्यांच्यापुढे गोळीची पट्टी ठेवली आणि माझं सगळं सांगून टाकलं: जुनी चिठ्ठी, दीड वर्ष, पुन्हा न दाखवणं. ते रागावतील अशी माझी तयारी होती. त्यांनी पट्टीवरचं नाव वाचलं आणि म्हणाले, "दोन शक्यता आहेत. एक, या गोळीमुळे ठोके मंदावले. तसं असेल तर औषध शरीरातून निघून गेल्यावर हृदय आपोआप ताळ्यावर येईल आणि कायमचं काही बसवावं लागणार नाही. दुसरी, हृदयातली विजेची वाटच वयाने झिजली आहे. तसं असेल तर पेसमेकरला दुसरा उपाय नाही. आपण दोन दिवस थांबू. रक्तातले क्षार, थायरॉइड, सगळं बघू. तोवर ही वायर त्यांना सांभाळेल."

"आणि स्टेंट?" मी विचारलं. "ब्लॉक आहे ना? माझ्या भावाला अटॅक आला तेव्हा टाकला होता."

ते किंचित हसले. हा प्रश्न त्यांना रोजचाच असावा. "ब्लॉक वेगळा आणि ब्लॉकेज वेगळं. तुमच्या भावाची रक्ताची नळी तुंबली होती, तिथे स्टेंट लागला. स्टेंट म्हणजे जाळीची बारीक नळी, तुंबलेली वाट उघडी ठेवणारी. आईच्या हृदयाला रक्त मिळतंय. वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्याला ठोक्याचा जो इशारा जातो, तो वाटेत अडतोय. त्या अडण्याला डॉक्टर ब्लॉक म्हणतात. स्टेंट टाकून तो इशारा पोचणार नाही."

ते दोन दिवस मी आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर काढले. तेव्हा माझ्या मनात जे चाललं होतं ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. गोळी कारण ठरली असती तर आई यंत्राशिवाय बरी होऊन घरी आली असती. कोणत्याही मुलीने हेच मागायला हवं होतं. पण मग घाटात तिचं हृदय थांबलं ते माझ्यामुळे, हेही ठरलं असतं. मी देवापुढे हात जोडायची आणि काय मागायचं तेच कळायचं नाही. डॉक्टर सकाळ-संध्याकाळ त्या डब्याचा वेग उतरवून आईचे स्वतःचे ठोके किती येतात ते बघायचे. ते बाहेर आले की त्यांच्या चेहऱ्याकडे बघताना, काही क्षण तरी, कारण म्हणून झीजच निघावी असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला आत सोडलं होतं. आई कंटाळली होती. पाय सरळ ठेवायचा, हलवायचा नाही, असं तिला दहा वेळा सांगितलेलं. मी पाण्याचा पेला ठेवायला वळले आणि तेवढ्यात, पायावरचं पांघरूण वर आलं म्हणून ते सारखं करायला तिने गुडघा दुमडला. मॉनिटर एकदम ओरडायला लागला. रेषेवर डब्याच्या इशाऱ्याच्या बारीक उभ्या खुणा येत होत्या, ओळीने, वेळेवर, पण त्यांच्यामागे ठोका उमटत नव्हता. वायरचं टोक आत सरकलं होतं. डबा सांगत होता आणि हृदयाला ऐकू जात नव्हतं.

"आये!"

तिची मान उशीवर कलली. सिस्टर धावत आली, तिने मला बाजूला ढकललं, आईचा पाय सरळ केला, डब्याचं एक बटण शेवटपर्यंत फिरवलं. काही झालं नाही. दुसरी सिस्टर छातीवर दाब देऊ लागली. चौथ्या की पाचव्या दाबानंतर रेषेवर रुंद उंचवटे यायला लागले. डॉक्टर पोचले आणि त्यांनी तिथेच वायर पुन्हा नीट बसवली. मला बाहेर कोणी आणलं ते आठवत नाही. बाकावर बसल्यावर पाहिलं तर पाण्याचा पेला माझ्या हातातच होता.

भाऊ आदल्या दिवशीच आला होता. तो जिन्यावरून वर आला तेव्हा डॉक्टर माझ्याशी आणि चाचांशी बोलत उभे होते. "औषध निघून गेलंय," ते म्हणाले. "त्यांचे स्वतःचे ठोके अजून तिशीतच आहेत आणि मध्ये खंड पडतो. गोळीने थोडी भर घातली असेल, पण मूळ कारण ती नव्हे. विजेची वाट झिजली आहे. कायमचा पेसमेकर बसवावा लागेल, आणि उद्याच."

माझ्या अंगातून काहीतरी ओझं उतरलं आणि त्याच क्षणी मला स्वतःची किळस आली.

भाऊ मात्र ऐकायला तयार नव्हता. "तिची अँजिओग्राफी झाली ना? त्यात काहीच नाही?"

"झाली. एका नळीत तीस टक्के अडथळा आहे. या वयात असतो."

"मग आहे ना! तिथे स्टेंट टाका. एवढं यंत्र कशाला?"

"तीस टक्क्यांनी रक्त अडत नाही," डॉक्टर म्हणाले. "अटॅक आलाय, नळी बंद पडलीय, किंवा औषधं देऊनही चालताना छाती दुखते आणि अडथळा मोठा आहे, अशा वेळी स्टेंटचा उपयोग. दिसला अडथळा की टाका स्टेंट, असं नसतं. त्यांना त्यासाठी गोळी आणि पथ्य पुरे." मग त्यांनी भावाकडे निरखून पाहिलं. "तुमचा स्टेंट कधीचा?"

"आठ महिने झाले. मी आता एकदम फिट आहे."

"रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या असतील?"

भाऊ खालच्या आवाजात म्हणाला, "एक घेतो. दुसरीने हिरड्यांतून रक्त यायचं. दोन महिन्यांपूर्वी बंद केली."

"डॉक्टरांना विचारून?"

त्याने नकारार्थी मान हलवली. डॉक्टरांचा आवाज पहिल्यांदाच कडक झाला. "स्टेंट म्हणजे धातू आहे. शरीर त्याला आपला म्हणेपर्यंत त्यावर रक्ताची गुठळी बसू शकते. बसली तर तीच नळी एका क्षणात बंद. किती महिने घ्यायची ते तुमचे डॉक्टर ठरवतील, तुम्ही नाही. त्यांना आत्ता फोन लावा. माझ्यासमोर."

एवढे महिने नातेवाइकांना सल्ले देणारा माझा भाऊ कॉरिडॉरच्या टोकाला उभा राहून फोनवर 'हो डॉक्टर, हो डॉक्टर' करत होता. मला त्याची दया आली आणि भीतीही वाटली. दोन महिने तो असाच हिंडत होता.

पण खरी अडचण आईची निघाली. सही करायची वेळ आली तेव्हा तिने हात आखडून घेतला.

"माका नको यंत्र."

"आये, असा काय करतंस?"

"माझी आवस अंथरुणावर दोन वर्सां होती. शेवटाक जीव सुटलो तेव्हा सगळ्यांनी हात जोडल्यांनी." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "उद्या माझी वेळ इली, तर तां यंत्र माका मरूक देतला मा? का काळीज ठोकतच ऱ्हवतला?"

मी डॉक्टरांना बोलावून आणलं. त्यांनी प्रश्न हसण्यावारी नेला नाही. खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले. "आजी, पेसमेकर हृदयाला फक्त आठवण करून देतो. तुमचा ठोका वेळेवर आला तर तो गप्प बसतो. आणि शरीरच थकलं, संपत आलं, की हृदय ती आठवण ऐकत नाही. आज दुपारी वायर सरकली तेव्हा डबा चालूच होता, तरी हृदय थांबलं होतं. यंत्र कोणाला अडकवून ठेवत नाही."

आईने पलंगाच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या चाचांकडे पाहिलं. ते सकाळपासून परत जायचं म्हणत होते आणि जात नव्हते. "तुका काय वाटता रे?"

"वयनी, होडयेचां इंजिन बंद पडता ना, तर दर वेळेक डिझेलची नळीच तुंबलेली नसता," चाचा म्हणाले. "कधी कधी नळी साफ आसता, इंजिन बरां आसता, पण वायर सुटलेली आसता. तुमचां इंजिन बरां आसा. वायर जोडूक होयी. म्हणून होडी कोण मोडीत काढता?"

आईने भावाला जवळ बोलावलं. कॉरिडॉरमधलं बोलणं तिच्यापर्यंत कसं पोचलं कोण जाणे, बहुधा सिस्टरकडून.

"तू गोळी सोडलंस?"

पंचावन्न वर्षांचा माझा भाऊ पलंगाच्या कडेला मान खाली घालून उभा राहिला.

"माझ्याआधी जाऊचां आसा तुका?"

"नाही गं आई. आजपासून सुरू केलीय. डॉक्टरांनी हिरड्यांसाठी वेगळं काहीतरी सांगितलंय."

"तोंडान सांगू नको. रोज सकाळी माका फोन करून, माझ्या कानात घेऊची. घेतलंस, तर मी यंत्र लावून घेतंय. नायतर दोघांवय तशीच जावया."

तो रडायला लागला. मी त्याला लहानपणानंतर रडताना पाहिलं नव्हतं, त्याच्या अटॅकच्या वेळीही नाही. आईने टाके घातलेल्या हाताने अंगठा पुढे केला, मग आठवण झाल्यासारखा मागे घेतला आणि पेन मागितलं. तिला सही येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला नेलं. डाव्या खांद्याखाली, त्वचेच्या आत, आगपेटीपेक्षा जराशी मोठी डबी, आणि तिथून शिरेतून हृदयात उतरलेल्या दोन तारा. दीड तास लागला. बाहेर चाचांच्या बोटांत तसबीह, त्यांची जपमाळ, फिरत होती. आई बाहेर आली तेव्हा भुलीच्या गुंगीत होती, आणि पहिलं काय विचारलं तर, "ह्येनां गोळी घेतल्यान?"

घरी आल्यावर पहिले सहा आठवडे मी तिच्यावर पहारा केला. डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, जड उचलायचं नाही, मोबाइल उजव्या कानाला. डोक्यावर पदर घ्यायलाही तिला माझी मदत लागायची आणि त्यावरून आमची रोज भांडणं व्हायची. मी तिच्या पर्समध्ये पेसमेकरचं कार्ड ठेवलं. उपासांबद्दल मी पुन्हा काही बोलले नाही. रोज सकाळी नऊ वाजता मुंबईहून फोन येतो. ती स्पीकर चालू करते, गोळीचं पाकीट फाटल्याचा आवाज ऐकते, पाण्याचा घोट ऐकते, आणि बरा म्हणून ठेवून देते. दुसरं काही बोलत नाहीत दोघं.

तीन महिन्यांनी आम्ही तपासणीला परत कोल्हापूरला गेलो. तिथला तंत्रज्ञ आईच्या खांद्यावर एक गोल वस्तू ठेवतो आणि समोरच्या पडद्यावर डबीचा सगळा हिशेब दिसतो: बॅटरी किती वर्षं पुरेल, किती ठोके आईचे, किती यंत्राचे. जवळजवळ सगळेच यंत्राचे होते.

"आता थोडा वेळ यंत्राचा वेग कमी करून, त्यांचं स्वतःचं हृदय काय करतंय ते बघतो," तो म्हणाला. "आजी, चक्कर आली तर लगेच सांगा."

आकडा साठवरून पन्नासवर आला, मग चाळीसवर. उंचवट्यांमधली रेषा लांबत गेली. मी खुर्चीचा हात धरला. यंत्र मागे सरलं की खाली काय उरतं ते मी बघत होते, आणि तेवढंच उरलेलं हृदय घेऊन आई तीन महिने रोज माझ्याशेजारी चहा पीत होती.

"गरगरता," आई म्हणाली.

त्याने लगेच बटण दाबलं. साठ. तिचा चेहरा पुन्हा तिचा झाला. तिने माझ्याकडे पाहिलं, खुर्चीच्या हाताला आवळलेल्या माझ्या बोटांकडे पाहिलं.

"श्वास घे गो," ती म्हणाली. "माका नाय, तुकाच कायतरी होतला आता."